कॅरेक्टर पुराणातनं उचलायचं असेल तर देव सोडा, कोपऱ्यातला माणूस धरा

आमचा रविवारचा गेम सोलापुरात सात रस्त्याच्या जवळ एका मित्राच्या गच्चीवर चालतो. रोल-प्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकानं एक कॅरेक्टर घ्यायचं, त्याच्यासारखं बोलायचं-वागायचं, आणि जमलं का नाही ते फाशावर ठरतं. फासे स्टीलच्या वाटीत टाकायचे असा नियम आहे, कारण एकदा वीस बाजूंचा फासा कठड्यावरनं खाली गटारीत गेला आणि त्या दिवशीचं सगळं युद्ध लुडोच्या फाशावर उरकावं लागलं. गेम चालवणाऱ्याला आम्ही मास्तर म्हणतो. नवीन कुणी आलं की मास्तरचा पहिला प्रश्न असतो, "कोण होणार बे तू?" आणि दहातले आठ जण सांगतात, कर्ण. मी पण कर्णच सांगितलं होतं.

माझा कर्ण चार रविवार टिकला. मेला नाही, कंटाळा आला. सगळ्यांना सगळं माहिती होतं. मी तोंड उघडलं की टीव्हीवरचा डायलॉग बाहेर यायचा, दान मागायला कोण आलं की पूर्ण टेबल हसायचं आणि कुठल्याच प्रसंगात "आता हा काय करेल" असं कुणाला वाटायचंच नाही. तेव्हापासनं जे काय चुकत चुकत शिकलो ते इथं लिहितो, नवीन लोकांना उपयोग होईल.

आधी निवड कशी करायची ते. लोक काय करतात, पोशाख निवडतात. गदा आहे, धनुष्य आहे, जटा आहेत, भारी दिसतंय, घ्या. पण पोशाखावर दोन रविवार निघतात, तिसऱ्या रविवारी हातात काही उरत नाही. मी आता गाठ शोधतो. गाठ म्हणजे त्या माणसाच्या आयुष्यातली अशी अडचण जी ताकदीनं सुटत नाही. शाप, दिलेला शब्द, चुकीच्या घरात जन्म, ज्याचं मीठ खाल्लं त्याचीच बाजू चुकीची असणं, असलं काहीतरी. गाठ एका वाक्यात सांगता आली तर माणूस घ्यायचा, नाही आली तर कितीही आवडता असला तरी सोडायचा.

आणि गाठी मोठ्या देवांकडं कमी, बाजूच्या माणसांकडं जास्त सापडतात. महाभारतातलंच बघा. भर सभेत द्रौपदीच्या बाजूनं बोलणारा कौरव विकर्ण, आणि तरी लढला कौरवांकडनंच. युयुत्सु धृतराष्ट्राचाच पोरगा, पण युद्ध सुरू व्हायच्या तोंडावर पांडवांकडं गेला. हे दोघं खेळायला अर्जुनापेक्षा दहापट भारी आहेत, कारण अर्जुनाचं सगळं लिहून ठेवलंय आणि यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते तुम्हालाच भरायचंय.

माझा सगळ्यात आवडता मात्र मांडव्य ऋषी. चोरांनी चोरीचा माल त्याच्या आश्रमात लपवला, राजाचे शिपाई आले, विचारलं, ह्याचं मौन होतं म्हणून हा बोलला नाही, माल सापडला, राजानं ह्याला पण चोर समजून सुळावर दिलं. सुळावर पण हा मेला नाही. शेवटी राजा येऊन पाया पडला, सूळ निघेना म्हणून कापला, टोक आत राहिलं ते राहिलंच, म्हणून त्याचं नाव अणीमांडव्य. मग हा थेट यमाकडं गेला, म्हटला माझं चुकलं काय. यम म्हणाला लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत काडी खुपसली होतीस. एवढ्याशा गोष्टीला एवढी शिक्षा? मांडव्यानं यमालाच शाप दिला की दासीच्या पोटी जन्म घेशील, आणि वर नियम करून टाकला की इथनं पुढं चौदा वर्षांपर्यंतच्या पोराला पाप लागणार नाही. तो शापित यम म्हणजे विदुर.

आता ह्यातनं किती कॅरेक्टर निघतात मोजा. अंगात सुळाचं टोक घेऊन फिरणारा माणूस, जो न्यायाधीशांना प्रश्न विचारत सुटलाय. नाहीतर न्यायाची देवता, जी दासीच्या घरात जन्मलीय, कायदा सगळा पाठ आहे पण दरबारात तिचं कोण ऐकत नाही. आम्ही हा दुसरा वापरला. नाव विदुर ठेवलं नाही, राजवाडा पण ठेवला नाही, एका बंदराच्या गावात मुनीम केलं. पाच महिने चालला आणि एकानं पण ओळखला नाही.

जिवंत श्रद्धेच्या बाबतीत माझं मत जरा कडक आहे. आपण सोलापुरात राहतो, इथनं तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर, पंढरपूर दीडदोन तासावर, खंडोबा तर बाळ्यातच आहे. टेबलावरच्या कुणाची तरी आई नवरात्रात अनवाणी चालत तुळजापूरला जाते आणि तुम्ही भवानीला हिट पॉइंट, म्हणजे किती मार खाल्ला की मरणार तो आकडा, देऊन बसलाय, हे मला पटत नाही. ह्या खेळाचा बाप मानतात तो अमेरिकन गेम, डंजन्स अँड ड्रॅगन्स, १९७४ साली आला आणि १९८० च्या त्यांच्या देवदेवतांच्या पुस्तकात इंद्र, विष्णू वगैरेंना पण आकडे लावून ठेवलेत, ते बघून हसू येतं, पण ते लोक लांबचे होते. आपल्याला संध्याकाळी घरी जायचं असतं.

म्हणून देव टेबलावर आणायचा नाही, त्याच्या गोष्टीतली गाठ तेवढी उचलायची. ह्याचं उदाहरण जरा सविस्तर सांगतो. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांची आणि कुंभारकन्येची गोष्ट इथं सगळ्यांना माहितीय. ती रोज त्यांच्या दारात सडा-रांगोळी करायची, लग्न करीन तर ह्यांच्याशीच म्हणाली, ते योगी, त्यांनी सांगितलं माझ्या योगदंडाशी लग्न कर. दरवर्षी संक्रांतीच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता पडतात त्या त्याच लग्नाच्या, आणि सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात ते त्यातलेच. आमच्या ग्रुपमधल्या एका पोरीला हीच गोष्ट पाहिजे होती. पण तिच्याच घरातले काका बाराबंदी घालून नंदीध्वजाला खांदा देतात, म्हणजे विषय नाजूक. मग तिनं काय केलं, नाव सोडलं, गाव सोडलं, योगी सोडला, आणि फक्त "माणसाऐवजी वस्तूशी लग्न लागलेली बाई" एवढंच घेतलं. तिचं कॅरेक्टर नावाड्याची पोरगी आहे, आणि तिचं लग्न एका वल्ह्याशी झालंय. वल्हं कुणाला हात लावू देत नाही, जेवताना शेजारी ठेवते, भांडण झालं की त्याच्याशी बोलत नाही. पूर्ण ग्रुपमध्ये सगळ्यात भारी कॅरेक्टर तेच आहे, आणि काकांना सांगितलं तर ते पण हसतील असं मला वाटतं.

आता माहिती कशी काढायची. पहिली गोष्ट, डोक्यात आधीच जे आहे ते सगळं वहीत लिहून काढा आणि प्रत्येक वाक्यापुढं लिहा की हे कुठनं कळलं. सिरीयल, आज्जी, शाळेचं पुस्तक, कीर्तन, रील, काय असेल ते. लै लाज वाटते हे करताना, कारण निम्म्यापुढं "सिरीयल" येतं. मग ते तपासायचं. पुण्यात भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, १९१९ ला काम सुरू केलं ते १९६६ ला संपलं, साडेबाराशेच्या वर हस्तलिखितं ताडून बघितली. त्यात मयसभेत द्रौपदी "आंधळ्याचा पोरगा आंधळा" असं म्हणतच नाही. स्वयंवरात "मी सूतपुत्राला वरणार नाही" हे वाक्य पण त्यांनी मूळ पाठात घेतलं नाही. गणपती व्यासांचा लेखनिक झाला ती गोष्ट पण मूळ पाठाच्या बाहेर. ह्याचा अर्थ त्या गोष्टी टाकाऊ असा नाही हां, उलट कुणीतरी नंतर त्या घातल्या म्हणजे लोकांना तिथं काहीतरी कमी वाटत होतं, आणि जिथं लोकांना कमी वाटतं तिथंच आपल्याला खेळायला जागा असते.

पण एवढा मोठा ग्रंथ घेऊन बसायची गरज नाही. सुरुवातीला सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा प्राचीन चरित्रकोश बघा, नावं अकारविल्हे लावलीत आणि प्रत्येकापुढं कुठल्या ग्रंथात कुठं आलंय ते दिलंय. हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत संदर्भ विभागात विचारा. माझी पद्धत अशी की ज्याला शोधायला गेलो त्याचं पान उघडतो आणि मागचंपुढचं पान पण वाचतो. शेजारच्या पानावरची नावं कधी ऐकलेली नसतात, आणि चार ओळीत एखादा असला माणूस भेटतो की मूळ शोध बाजूलाच राहतो.

पुस्तकात नाही ते माणसांकडं असतं, आणि त्या बाबतीत सोलापूर म्हणजे लॉटरी आहे, एका गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू सगळं ऐकायला मिळतं. आमचा एक मित्र पूर्व भागातला, पद्मशाली म्हणजे विणकर समाजातला, घरात तेलुगू. मार्कंडेयाची गोष्ट मला माहिती होती, सोळाव्या वर्षी मरण लिहिलेलं, यम आला तर पिंडीला मिठी मारून बसला. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तो पण लहानपणापासनं बघितलेला. पण त्याच्या पुढचं मला काही माहिती नव्हतं. मित्राच्या आज्जीला घरात अव्वा म्हणतात. त्यांनी शेंगा निवडता निवडता सांगितलं की मार्कंडेयाचा पोरगा भावना ऋषी, त्यानं कमळाच्या देठातल्या तंतूचं कापड विणून देवांना नेसवलं, सूर्याची पोरगी भद्रावती त्याची बायको, आणि तो वाघावर बसतो. मी विचारलं, वाघावर का? अव्वा म्हणाल्या, "मग काय मागावर बसून राक्षस मारणार का?"

विणकर, वाघावर बसलेला, सूर्याचा जावई. इतकी वर्षं मी एल्फ आणि ड्वार्फ असली परदेशी गोष्टींतली कॅरेक्टरं करत बसलो होतो.

म्हाताऱ्या माणसांना विचारताना दोनतीन गोष्टी पाळा. "पुराणात काय आहे" असं विचारू नका, ते घाबरतात आणि चुकेल म्हणून गप्प बसतात. "तुमच्यात कशी सांगतात" असं विचारा. मध्येच "पण पुस्तकात वेगळं आहे" म्हणू नका. रेकॉर्डिंग करायचं असेल तर सांगून करा. आणि गेमसाठी पाहिजे हे पण खरं सांगा. मी अव्वांना सांगितलं तर त्यांना वाटलं नाटक बसवतोय, म्हणाल्या वाघ कोण होणार.

बाहेरचं पाहिजे असेल, थॉर वगैरे, तर तिथं पण हेच. सिनेमातला थॉर गुळगुळीत आहे. आइसलंडमध्ये तेराव्या शतकात लिहून ठेवलेल्या जुन्या गाण्यांमध्ये त्याचा हातोडा चोरीला जातो आणि तो परत आणायला त्याला नवरीचे कपडे घालून राक्षसाच्या घरी लग्नाला बसावं लागतं. मूळ गोष्ट नेहमी जास्त वेडी असते.

आता हे सगळं कागदावर उतरवायचं कसं. इथं सगळ्यात मोठी चूक होते. पुराणातला माणूस आपल्याला भेटतो तेव्हा तो लेव्हल वीसला, म्हणजे पूर्ण ताकदीवर असतो, आणि आपलं कॅरेक्टर लेव्हल एकला, नवशिकं. मास्तर परवानगी देत नाही आणि मग भांडणं. त्यापेक्षा त्या माणसाचं सोळावं वर्ष खेळा. शाप लागलाय पण फळ अजून आलेलं नाही, असा काळ निवडा. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण, छाप, हे सहा आकडे शेवटी भरा, आधी गाठीचा नियम करा.

कर्णावरच दाखवतो, कारण मी त्याला नीट खेळलो नाही ह्याचं अजून वाईट वाटतं. इंद्राला कवचकुंडलं दिली, बदल्यात शक्ती नावाचं अस्त्र मिळालं, पण एकदाच वापरता येणारं. ती अर्जुनासाठी जपून ठेवलेली आणि रात्रीच्या युद्धात घटोत्कचावर घालवावी लागली. म्हणजे गेमच्या भाषेत, कायमचं चिलखत देऊन एकाच वापराचं हत्यार घेतलं. हे कॅरेक्टरच्या कागदावर चक्क एका चौकोनात लिहा, आणि वापरलं की सगळ्यांसमोर पेनानं खोडा. पहिल्या दिवसापासनं पूर्ण टेबलाचं लक्ष त्या चौकोनावर राहतं. परशुरामाचा शाप तसाच, ऐन वेळी विद्या आठवणार नाही, तर ही "ऐन वेळ" कधी ते मास्तरनं ठरवायचं, पूर्ण खेळात एकदाच. आणि कुंतीला दिलेला शब्द, चौघांना मारणार नाही, तो तर गुपचूप चिठ्ठीवर लिहून मास्तरकडं द्या. बाकीच्यांना दिसेल की हा शत्रू हातात सापडून पण सोडतोय, आणि का ते कळणार नाही. नाव, धनुष्य, सूर्य, दान सगळं काढून टाका, हे तीन नियम ठेवा, कुणी ओळखून दाखवावं.

मास्तर लोकांसाठी एक, व्हिलन पाहिजे असेल तर मणी-मल्ल बघा. मल्ल खंडोबाकडनं हरला, पण देवाचं नाव मल्हारी पडलं, म्हणजे हरलेल्याचं नाव जिंकणाऱ्याला कायमचं चिकटलं. आमच्याकडं असा एक राक्षस झाला, त्याला मारलं की मारणाऱ्याच्या नावात त्याचं नाव घुसतं. सगळे त्याला मारायला घाबरतात, आठ रविवार झाले, अजून जिवंत आहे.

आणि गेममध्ये भाषण देऊ नका. इतकी माहिती काढली की ती सांगायचा मोह होतो, मला तर फार होतो, पण पहिल्या दिवशी बॅकस्टोरी तीन वाक्यांच्या वर गेली की लोक मोबाईल काढतात. वल्हंवालीनं पहिल्या दिवशी काहीच सांगितलं नव्हतं. फक्त खानावळीत दोन ताटं मागवली आणि एक वल्ह्यासमोर ठेवलं.

परवाच्या रविवारी नदीत मगर आली, तिनं वल्ह्यानं वार केला, वाटीत फासा फिरला आणि एक पडला, म्हणजे सगळ्यात वाईट आकडा. वल्हं मधोमध मोडलं. गच्चीवर कोण काय बोलेना. शेवटी मास्तरनं हळूच विचारलं, "म्हणजे आता तू विधवा का?" ती मोडलेल्या पेन्सिलीकडं बघत बसली, वल्हं म्हणून तीच पेन्सिल वापरतो आम्ही, आणि म्हणाली, "थांब, घरी विचारून येते."