उन्हाळा सरताना समुद्रात गळ टाकताय? या चुका टाळा

पाणी कोमट झालं की दर वर्षी नवशिक्यांचे तेच प्रश्न सुरू होतात, मासा का लागत नाही, लूर (खोटं आमिष) कुठला लावू, रॉड बदलू का. अरे बाबा रॉडचा काय दोष, तू भर दुपारी गुडघाभर पाण्यात गळ टाकून बसलायस!

गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. समुद्राचं पाणी २० अंशाला असताना लिटरमागे साधारण ७.४ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला तोच ६.२ च्या आसपास येतो, आणि नेमकं त्याच वेळी माशाच्या अंगाला तो जास्त लागतो. मग तो तापलेल्या उथळ पाण्यात कशाला थांबेल, खोलात जातो, पुलाच्या नाहीतर जेटीच्या सावलीत जातो. मी उजाडायच्या आधीच जाऊन बसतो नाहीतर सरळ रात्री जातो, आणि घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं कोष्टक बघतो. पाणी वाहतं हवं. भरती पूर्ण होऊन पाणी थांबलं की गळ बाहेर काढून गाठी तपासायच्या, उगाच पन्नास वेळा फेकून हात दुखवून घेण्यात अर्थ नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोरात असते, तेव्हा वजन जड लावा.

आमिषाची जिवंत कोळंबी किंवा बोय मासे बादलीत कोंबू नका, थोडेच ठेवा, बबलर (पाण्यात हवा सोडणारा छोटा पंप) लावा, पाणी थोडं थोडं बदला. गार करायला त्यात बर्फ टाकू नका, तो गोड्या पाण्याचा असतो, पाण्याचा खारेपणा बिघडतो. बाटलीत पाणी गोठवून ती बंद बाटली सोडा.

सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ) लावलाय आणि मासा ओढतोय म्हणून झटका मारला की मासा गेला. नुसतं रील फिरवत राहा, हुक आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

आता बर्फ. यावर माझं डोकं खरंच फिरतं.

एकदा आमच्याबरोबर एक उत्साही गडी आला होता, नवीन रील, नवा गॉगल, आणि बर्फ म्हणाल तर एक छोटी पिशवी, तीसुद्धा बाटल्या गार करायला. बांगडे धडाधड लागायला लागले आणि पठ्ठ्या ते प्लास्टिकच्या पिशवीत टाकून उन्हात ठेवत गेला, मी दोनदा म्हटलं माझ्या बॉक्समध्ये टाक, तर म्हणे नंतर एकदमच टाकू. रात्री त्याच्या घरून फोन, खाल्ल्यावर अर्ध्या तासात दोघांची तोंडं लालबुंद, डोकं ठणकतंय, अंगावर पित्त उठलंय. त्याला वाटलं ॲलर्जी. ॲलर्जी कसली, बांगडा, सुरमई, कुपा असले मासे गरम राहिले की जिवाणू त्यांच्यात हिस्टामीन नावाचं रसायन तयार करतात आणि एकदा ते झालं की शिजवा, तळा, फ्रीजरमध्ये टाका, जात नाही. मासा वासाला ठीक वाटला तरी ते आत असू शकतं. दोघांना डॉक्टरकडे न्यावं लागलं.

म्हणून मी निघतानाच बॉक्स अर्ध्याहून जास्त बर्फाने भरतो, त्यात समुद्राचं पाणी ओतून लगदा करतो आणि ठेवायचा मासा काढल्या काढल्या त्यात बुडवतो. बर्फाच्या नुसत्या खड्यांवर ठेवलेला मासा इतक्या लवकर गार होत नाही, कारण लगदा त्याला सगळीकडून चिकटतो. ‘नंतर एकदम’ हा प्रकार माझ्या होडीत चालत नाही.

सोडून द्यायचा मासा असेल तर फार खेळवू नका, गरम पाण्यात तो दमून नंतर मरतो, आणि हात ओले करूनच धरा.

ढग गडगडले की रॉड खाली आणि किनारा गाठा, ग्राफाइटच्या रॉडमधून वीज वाहते.

आणि घरी आल्यावर रीलवर पाइपचा जोरदार फवारा मारू नका रे, मीठ उलट आत जातं. ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्ट करून हलक्या धारेखाली धुवा, पुसा, मग ड्रॅग सैल करून ठेवून द्या.