कॅपिलरीला आधीचं सगळं आठवतं

कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसवर, म्हणजे सिलिकाच्या केसासारख्या बारीक नळीत (कॅपिलरीत) वीजदाबाने रेणू वेगळे करण्याच्या तंत्रावर, नव्याने बसणाऱ्यांसाठी हे लिहितेय. बडोद्याच्या लॅबमधले ते सहा आठवडे आठवले की आजही पोटात गोळा येतो. संध्याकाळी दांडिया बाजारातल्या खोलीवर न जाता मी सुरसागरच्या काठाने फिरत राहायचे.

काम होतं ऑर्थो, मेटा आणि पॅरा अमिनोबेन्झोइक आम्लं वेगळी करायचं. तिघांचाही रेणुभार 137. पीकेए (आम्ल किती सहज प्रोटॉन सोडतं याचं माप) मात्र थोडे वेगळे, त्यामुळे पीएच 4 च्या आसपास तिघांवरचा विद्युतभार कमी-जास्त. 50 मायक्रॉनची कॅपिलरी, 25 किलोव्होल्ट. पहिल्या दिवशी तीन पीक, म्हणजे ग्राफवर प्रत्येक आम्लाचा एक उंचवटा, सुटे आले. दुसऱ्या दिवशी तेच उशिरा, त्यातले दोन एकमेकांत मिसळलेले. मी बफर (नळीत भरायचं, पीएच टिकवणारं द्रावण) बदलत बसले. तीच चूक.

सिलिकाच्या नळीच्या आतल्या भिंतीवरचे सिलॅनॉल (Si-OH) गट प्रोटॉन सोडतात, भिंत ऋणभारित होते, तिच्यालगतचे धन आयन कॅथोडकडे निघतात आणि सगळा द्रव सोबत नेतात. हा इलेक्ट्रोऑस्मोटिक प्रवाह. पीक कधी येणार हे रेणूचा स्वतःचा वेग आणि हा प्रवाह मिळून ठरवतात. पीएच 9 ला प्रवाह जोरात, 2.5 ला अगदी मंद. मधल्या 4 ते 6 मध्ये मात्र भिंत आधी कशाने धुतली होती यावर तो ठरतो. एनएओएचने (सोडियम हायड्रॉक्साइड या अल्कलीने) धुतली तर जास्त, आम्लाने धुतली तर कमी. बफर तोच असला तरी स्थिर व्हायला तास न् तास लागतात. माझ्या कॅपिलरीत रात्री एक सीनियर बोरेट, म्हणजे पीएच 9 च्या आसपासचा अल्कधर्मी बफर, चालवायचे, आणि सकाळी मी त्यातच माझा बफर भरायचे!

म्हणून नमुन्यात दर वेळी थेंबभर अ‍ॅसिटोन घालाच. त्यावर विद्युतभार नाही, ते फक्त प्रवाहाबरोबर जातं. अ‍ॅसिटोनचं पीक सरकलं तर आधी भिंतीकडे बघा. ते जागच्या जागी असेल आणि तुमचंच सरकलं असेल, तर बफर किंवा नमुना तपासा. बफरच्या बाटल्याही बदलत राहा, विद्युत-अपघटनाने त्यांचा पीएच ढळतो.

पेपरातली पद्धत जशीच्या तशी उचलू नका. तिथे ‘कॅपिलरी कंडिशन केली’ (धुऊन तयार केली) एवढंच असतं, आधी तिच्यात काय होतं ते कुणी लिहीत नाही. आणि गाइड असा शोधा जो शेजारी बसून ग्राफ बघेल. नुसता निकाल विचारणाऱ्याने माझं काहीच भलं केलं नाही.

पीक सरकले म्हणून तुम्ही या कामाला नालायक ठरत नाही, हे मात्र मनात पक्कं धरा. मी नवी कॅपिलरी मागून घेतली आणि ती बसवायच्या कॅसेटवर कागदी टेप लावून लिहिलं : ‘फक्त पीएच 4. बोरेट भरू नये.’ चौथ्या दिवशीही अ‍ॅसिटोन जागेवर होतं.