आत्याचं मृत्युपत्र आणि माझी वही

आत्या गेली तेव्हा फाल्गुन होता, कैऱ्या अंड्याएवढ्या झालेल्या. तिच्या मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे सगळी व्यवस्था लावणारी व्यक्ती, म्हणून माझं नाव होतं. मागे राहिलं ते देवगड तालुक्यातलं घर, 43 हापूस कलमं, पोस्टातल्या ठेवी आणि सामाईक सातबाऱ्यात सहावा हिस्सा. कागद शोधायच्या आधी मला फवारणीचे पैसे उभे करावे लागले. मालमत्ता जपणं हेही एक्झिक्युटरचंच काम आहे, आणि आंबा कुणासाठी थांबत नाही.

तुमच्यावर ही जबाबदारी आली तर पहिल्याच दिवशी एक जाड वही आणा. जमा आणि खर्च, तारखेसह, पावती चिकटवून. मी पहिले दोन महिने हे केलं नाही. ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, मारलेल्या फेऱ्यांचा खर्च पर्समधून गेला, तिकिटं हरवली. ते पैसे मी मागितले नाहीत, कारण पुराव्याशिवाय भावंडांपुढे आकडा ठेवणं मला पटेना.

तेराव्यानंतर मुंबईहून आलेला चुलतभाऊ खळ्यात बसून म्हणाला, "ताय, तुका ह्यातसून काय गावतला?" मला फार लागलं. पण तो हक्काचा प्रश्न होता, आणि उत्तर माझ्याकडे तयार असायला हवं होतं.

ते असं. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 मध्ये एक्झिक्युटरला ठरावीक मोबदला दिलेला नाही. कलम 309 एवढंच सांगतं की कमिशन घ्यायचंच तर ते सरकारी ॲडमिनिस्ट्रेटर जनरलसाठी ठरलेल्या दराहून जास्त नसावं. ही फक्त वरची मर्यादा आहे. म्हणून आधी मृत्युपत्रात मोबदला लिहिलाय का ते पाहा. नसेल तर सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या, तीही काम सुरू करताना. कामासाठी झालेला रास्त खर्च मात्र इस्टेटीतून घेता येतो. आणखी एक: एक्झिक्युटरलाच मृत्युपत्रात काही दिलं असेल, तर कलम 141 प्रमाणे ते काम स्वीकारल्याशिवाय मिळत नाही. आत्याने मला विहिरीकडची चार कलमं ठेवली होती. मी वेगळा मोबदला घेतला नाही, आणि तसं वहीच्या पहिल्या पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

पैसे देण्याचा क्रम कायद्याने ठरलेला आहे. आधी अंत्यविधी आणि शेवटच्या आजारपणातला डॉक्टरांचा खर्च, मग कोर्टाचा खर्च, मग मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतली घरगड्यांची, मजुरांची थकलेली मजुरी, मग बाकीची कर्जं. वारसांचा नंबर त्यानंतर. आमच्या राखणदाराची दोन महिन्यांची मजुरी थकली होती. भाऊ म्हणाले, आंबा विकल्यावर बघू. मी ऐकलं नाही. गरीब माणसाचा घाम सगळ्यांच्या हिश्श्याआधी येतो हे कायद्यातच लिहिलंय, याचा मला खूप आधार वाटला.

सातबाऱ्यासाठी मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्र घेऊन तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्या. सामाईक जमिनीत आत्याला फक्त स्वतःचा हिस्सा देता येत होता, हे नातेवाइकांना आधीच समजावा. तलाठ्याच्या नोटिशीवर कुणाची हरकत आली नाही तर फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावातला बदल, मंजूर होतो. हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं. कोकणातल्या जमिनीला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, सक्तीचं नाही, पण मृत्युपत्राच्या खरेपणावरच कुणी बोट ठेवलं तर ते काढणं शहाणपणाचं. त्या वेळी मृत्युपत्रावरच्या दोन साक्षीदारांपैकी निदान एक हयात आणि साक्षीला येण्याजोगा असला की काम पुष्कळ सोपं होतं. त्यांचे पत्ते आजच लिहून ठेवा. प्रोबेट मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशोब कोर्टात द्यायचा असतो.

वाटपाची घाई करू नका. मृत्यूनंतर एक वर्षापर्यंत कुणालाही त्याचा वाटा देण्याचं बंधन नाही, आणि उशिरा उगवणारी देणी याच काळात बाहेर येतात. आमच्याकडे खतवाल्याची उधारी सातव्या महिन्यात आली.

पुढच्या शिमग्याला तो चुलतभाऊ पुन्हा आला. पडवीत बसून त्याने वही पहिल्या पानापासून वाचली, पेट्यांचा हिशोब बोटाने मोजला आणि वाटपाच्या पावतीवर सही केली. ओरोसच्या फेऱ्यांच्या रकान्यात त्याने विचारलं, "ह्या कोरा कित्याक?"