क्रूझवर पहिल्यांदाच निघताय? या चुका टाळा

मुंबईहून गोवा-लक्षद्वीप असो की सिंगापूरहून पेनांग-फुकेत, पहिल्यांदा क्रूझवर जाणाऱ्यांची फजिती समुद्रापेक्षा घड्याळच जास्त करतं. सुट्टी म्हटली की आपण वेळ बघणं सोडतो. जहाज मात्र बंदराने नेमून दिलेल्या वेळेतच सुटतं. चार जणांना उशीर झाला म्हणून बाकीच्या दोन हजारांना कुणी ताटकळत ठेवत नाही.

म्हणूनच जहाज सुटणार त्याच सकाळी बंदराच्या शहरात पोचण्याचा हिशेब करू नका. बोर्डिंग जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधी बंद होतं. नागपूरहून येणारी गाडी रखडली किंवा विमान लांबलं तर पैसे परत मिळायची आशा ठेवू नका. आदल्या दिवशीच या, रात्र एखाद्या साध्या लॉजवर काढा.

बॅग आली नाही म्हणून भांडण

धक्क्यावर दिलेली मोठी बॅग तपासणी होऊन केबिनच्या दाराशी येते, पण कधी कधी त्यात संध्याकाळ होते. तोवर पासपोर्ट, औषधं, चष्मा, चार्जर आणि पोरांचे पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत हवेत. पासपोर्ट मोठ्या बॅगेत टाकून मोकळे होणारे महाभाग दर फेरीला असतात. त्यांचं चेक-इनच अडतं.

रात्रीपर्यंत बॅग आली नाही, तर रिसेप्शनवर आवाज चढवण्याआधी आठवून बघा: आत इस्त्री, किटली, पाणी तापवायचा रॉड, अगरबत्ती, एक्स्टेंशन बोर्ड यांपैकी काही आहे का? जहाजाला सगळ्यात मोठी धास्ती आगीची. अशी बॅग सिक्युरिटीवाले बाजूला काढतात, तुमच्यासमोर उघडतात आणि वस्तू पावती करून ठेवून घेतात. ती वस्तू बहुधा शेवटच्या दिवशी परत मिळते. घरून शिजवून आणलेला डबा बहुतेक जहाजांवर चालत नाही. सीलबंद भाकरवडी-चिवडा सहसा चालतो, तरी कंपनीचे नियम आधी वाचा. जैन जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच सांगा, आणि चढल्यावर डायनिंग हॉलच्या प्रमुखाला पुन्हा आठवण करा. ऐन ताटावर बसल्यावर मागितलंत तर सॅलड पुढ्यात येईल.

ड्रिलला दांडी

13 जानेवारी 2012 रोजी कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज इटलीत जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळलं आणि 32 जण गेले. त्याच संध्याकाळी चिवितावेक्किया बंदरात चढलेल्या प्रवाशांची सुरक्षा-ड्रिल झालेलीच नव्हती, कारण तेव्हा ती 24 तासांत घेतली तरी चालत असे. आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यावीच लागते. बऱ्याच जहाजांवर केबिनमधल्या टीव्हीवर व्हिडिओ बघायचा आणि मस्टर स्टेशनवर, म्हणजे संकटात जमायच्या ठरलेल्या जागी, जाऊन हजेरी लावायची, एवढंच काम असतं. स्टेशनचा क्रमांक केबिनच्या कार्डावर असतो. सात छोटे आणि एक लांब भोंगा ऐकू आला की तिथेच जायचं. हे बुफेच्या रांगेत उभं राहून शिकता येत नाही.

फोनमधल्या वेळेवर विश्वास

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एकच, थायलंड मात्र एक तास मागे. फुकेतला उतरलात की फोन गुपचूप थायलंडची वेळ दाखवायला लागतो. जहाजाने सिंगापूरचीच वेळ कायम ठेवली असेल, तर तुमच्या फोनवर चार वाजलेले असताना जहाजावर पाच वाजलेले असतात! म्हणून फोनची आपोआप बदलणारी वेळ बंद करा किंवा सरळ मनगटी घड्याळ बांधा. परतायची वेळ जहाज सुटण्याच्या अर्धा-एक तास आधीची असते. जहाज समुद्रातच नांगरून छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेत असतील, तर शेवटच्या बोटीची वेळ त्याहूनही आधीची.

गोव्यातही परतायची वेळ अशीच पाळावी लागते. जहाज मुरगावला लागतं. तिथून पणजी तीसेक किलोमीटर, कळंगुट-बागा त्याच्याही पुढे. जहाजाने नेलेल्या सहलीची बस अडकली तर जहाज सहसा थांबतं. तुम्ही ठरवलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही.

तरीही जहाज चुकलंच, तर धक्क्यावर रडारड न करता जहाज कंपनीच्या बंदरातल्या एजंटला गाठा. त्याचा नंबर रोज केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात किंवा जहाजाच्या ॲपवर असतो. उतरण्याआधी त्या नंबरचा फोटो काढून ठेवा. पासपोर्टच्या पानाचाही काढा. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च मात्र तुमचाच.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

जहाजावर चढल्यावर फोन फ्लाइट मोडवर टाका. किनारा मागे पडला की फोन जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो, आणि नेहमीचा रोमिंग पॅक तिथे बहुधा चालत नाही.

ओले कपडे बाल्कनीच्या कठड्यावर वाळत घालायची आपली सवय घरीच ठेवून या. टॉवेल उडून खालच्या मजल्यावर गेला तर नशीब म्हणायचं. बाथरूममध्ये बहुतेक वेळा ओढून काढायची दोरी असते, ती वापरा. केबिनच्या भिंती सहसा पोलादी असतात, त्यामुळे चार चुंबकी हुक नेलेत तर ओल्या टोप्या-पिशव्यांची सोय होते.

बोट लागण्याचा त्रास असेल तर जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवरची केबिन घ्या. गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्या. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. उपाशी राहू नका, डेकवर येऊन क्षितिजाकडे बघत बसा.

पोट बिघडलं तर लपवू नका. केबिनमध्ये बसवून ठेवतील या भीतीने लोक गप्प राहतात आणि दोन दिवसांत सगळं कुटुंब आडवं होतं. पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसवर नुसतं सॅनिटायझर फारसं चालत नाही, साबणाने हात धुवावेच लागतात. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल जबर असतं, तेव्हा परदेशी फेरी असेल तर ट्रॅव्हल इन्शुरन्स हवाच.

शेवटची रात्र

मोठ्या बॅगा रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्या भरताना सकाळचे कपडे आणि चपला बाहेर काढून ठेवा. नाइट सूटवर ब्रेकफास्टला आलेला एखादा तरी दर फेरीला दिसतोच. बिल त्याच संध्याकाळी टीव्हीवर किंवा ॲपवर तपासा, कारण सकाळी रिसेप्शनसमोर ही भलीमोठी रांग असते. बऱ्याच कंपन्या माणशी रोजची टिप आपोआप लावतात, ती धरूनच बजेट करा. जहाजावरच्या खर्चाच्या खात्याला शक्यतो क्रेडिट कार्ड जोडा. डेबिट कार्डावर अडवून ठेवलेली रक्कम सुटायला घरी आल्यावरही काही दिवस लागतात, आणि तोवर ते पैसे तुमच्याच बँक खात्यात असून तुम्हाला वापरता येत नाहीत.