मांजराला उंदराचा ग्लू पॅड चिकटला तर: माझा अनुभव

गुहागरला आमच्या पडवीत पावसाळ्यात उंदीर फार, शेजारी उंदीर चिकटवून पकडायचे गोंदाचे पॅड लावतात, आणि आमची मनी त्याच्यावर पाय देऊन पॅडसकट घरात आली, मागचा पाय आणि शेपूट दोन्ही चिकटलेलं. पाण्याने काही होत नाही, ओढलं तर केसच नाही कातडीपण येते, आणि कोणी रॉकेल सांगितलं तर ऐकू नका, थिनर टर्पेंटाइनपण नको, मांजर चाटून साफ करतं म्हणजे ते थेट पोटात. वैताग आला होता.

शेवटी जमलं ते असं. आधी मांजर जाड टॉवेलात गुंडाळायचं, फक्त चिकटलेला भाग बाहेर. मग पॅडच्या मोकळ्या चिकट जागेवर तांदळाचं पीठ दाबून लावायचं, नाहीतर दुसरा पाय अडकतो. मग साधं खायचं तेल, आम्ही खोबरेल घेतलं, केस आणि पॅडच्या सांध्यावर थेंब थेंब सोडून बोटाने चोळत आत सरकायचं, थांबायचं, परत चोळायचं, स्वतःहून सुटतं. उरलेला गोंद पुन्हा तेल लावून फडक्याने पुसायचा. शेवटी भांड्याचा साबण किंचित, कोमट पाणी, आणि साबण पूर्ण जाईपर्यंत धुवायचं. कात्री नको, मांजराची कातडी सैल असते.

नाकातोंडाला लागलं असेल तर थेट डॉक्टर. आणि सुतारकामाचा फुगणारा पॉलीयुरेथेन गोंद चाटला असेल तर उलटी करवायची नाही, तो पोटात फुगून घट्ट होतो, ऑपरेशन लागू शकतं, डॉक्टरला डबा दाखवा.