टर्बो गाडीला मोठा फ्युएल पंप बसवताय? या चुका टाळा

"वरच्या आरपीएमला गाडी खेचत नाही, मोठा पंप टाकून घेऊ का?" रिमॅप केलेल्या, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग (मॅप) बदललेल्या गाडीचा मालक हे विचारतो, तेव्हा त्यानं पंप बहुतेक वेळा ऑनलाइन निवडून ठेवलेला असतो. आपण फक्त हो म्हणायचं बाकी असतं. त्याला माझा उलटा प्रश्न ठरलेला आहे: प्रेशर मोजलंस का? मोजलेलं नसतं. नाशिकला रॅली आणि वेगवान गाड्यांची हौस जुनी आहे, अंबड-सातपूरकडे हुशार हातही भरपूर आहेत. पण पंपाच्या बाबतीत गेज लावायच्या आधी पाकीट उघडायची सवय काही जात नाही.

दोष पंपाचाच आहे हे गृहीत धरणं

पेट्रोल कमी पडलं की मिश्रण लीन होतं (हवेच्या मानानं पेट्रोल कमी), ते अवेळी पेटून नॉकिंग सुरू होतं आणि टर्बो इंजिनात पिस्टन वितळायला फार वेळ लागत नाही. त्यामुळे फुल थ्रॉटलला गाडी मिसिंग करत असेल, तर निदान होईपर्यंत बूस्ट (टर्बोनं वाढवलेलं हवेचं प्रेशर) कमी करून घ्या किंवा पाय आवरा. निदानासाठी लॉग हवा: आरपीएम, बूस्ट, लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, लीन झालं की वर जातं) आणि इंधनाचं प्रेशर, सगळं एकाच वेळी. लॉग डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर पळवणारं यंत्र) किंवा बंद ट्रॅकवर घ्या. समृद्धीवर जाऊन लॉग घेणारे महाभाग आहेत, पण तिथंही मर्यादा 120 चीच आहे.

लिनिया टी-जेट किंवा अबार्थ पुंटोसारख्या पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत फवारणाऱ्या) गाडीत काम सोपं असतं, रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल देणारी नळी) गेज लावलं की चित्र स्पष्ट होतं. लॅम्ब्डा वर जातोय आणि त्याच क्षणी रेल प्रेशर पडतंय, तर पुरवठा कमी आहे. प्रेशर जागेवर आहे आणि तरीही गाडी लीन जातेय, तर इंजेक्टरची मर्यादा संपली असेल, एअरफ्लो सेन्सर आणि टर्बोच्या मध्ये न मोजलेली हवा आत ओढली जात असेल किंवा मॅपच चुकीचा असेल. तिथं पंप बदलून काहीही होणार नाही.

टीएसआय गाड्यांमध्ये (फोक्सवॅगन-स्कोडाची, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारी टर्बो इंजिनं) सर्वांत जास्त पैसा वाया जातो. त्यांच्यात दोन पंप असतात. टाकीतला पंप साधारण 4 ते 6 बारनं पेट्रोल पुढे पाठवतो. मग कॅमशाफ्टच्या लोबवर चालणारा हाय-प्रेशर पंप ते 150-200 बारपर्यंत नेतो, नव्या इंजिनांमध्ये 350 पर्यंतही. लॉगमध्ये रेल प्रेशर टार्गेटपेक्षा खाली दिसलं की लोक टाकीतला पंप बदलतात आणि दुसऱ्या दिवशी तोच लॉग पुन्हा पाठवतात. दोन्ही बाजूंचं प्रेशर एकत्र बघा. लो साइड स्थिर असून हाय साइड पडत असेल, तर कॅमवरचा पंप कमी पडतोय. लो साइड आधी पडत असेल तरच टाकीकडे वळा.

पाकिटावरचा आकडा खरा मानणं

"255 चा पंप", "450 चा पंप" असं आपण सहज म्हणतो. हा लिटर प्रति तासाचा आकडा विशिष्ट प्रेशरला आणि विशिष्ट व्होल्टेजला असतो, बहुधा 3 बारच्या आसपास आणि 13.5 व्होल्टला. तुमच्या गाडीत यातलं काहीच तसं नसेल.

हिशेब असा. टर्बो पेट्रोल इंजिनाला दर हॉर्सपॉवरमागे तासाला ढोबळमानानं 0.36 लिटर पेट्रोल लागतं. 400 हॉर्सपॉवरचं लक्ष्य असेल तर 144 लिटर. वर 20 टक्के राखीव धरा, 173 झाले. आता आपल्याकडे पेट्रोल पंपावर ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते, म्हणून तेवढ्याच ताकदीला सहा-सात टक्के जास्त इंधन जाळावं लागतं. झाले साधारण 185. मग 255 चा पंप म्हणजे चैनच की!

थांबा. बूस्ट रेफरन्स असलेल्या, म्हणजे बूस्ट वाढेल तेवढंच इंधनाचं प्रेशर वाढवणाऱ्या रेग्युलेटरमध्ये बेस प्रेशर 3 बार आणि बूस्ट दीड बार असेल, तर पंपाला साडेचार बारच्या विरुद्ध ढकलायचंय. प्रेशर वाढलं की प्रत्येक पंपाचा फ्लो घसरतो, आणि किती घसरतो ते कंपनीच्या फ्लो चार्टवरच कळतं. चार्टवर साडेचार बारची रेघ शोधा, तिथं 185 च्या वर आकडा आहे का बघा. पंपाच्या आतला रिलीफ व्हॉल्व्ह कोणत्या प्रेशरला उघडतो तेही पाहून ठेवा. एकाच नावाच्या पंपाची लो-प्रेशर आणि हाय-प्रेशर अशी दोन रूपं असतात, बाहेरून सारखीच दिसतात.

गाडी रिटर्नलेस (इंजिनाकडून पेट्रोल परत आणणारी लाइन नसलेली) असेल तर आणखी एक फास आहे. टाकीतला रेग्युलेटर ठरावीक प्रेशर देतो, बूस्ट काहीही असो. साडेतीन बार फिक्स असेल आणि मॅनिफोल्डमध्ये दीड बार बूस्ट असेल, तर इंजेक्टरच्या दोन टोकांमध्ये फरक उरतो फक्त 2 बारचा. अशा गाडीत पंप कितीही मोठा बसवा, रेग्युलेटरची सोय बदलल्याशिवाय सिलिंडरपर्यंत जादा पेट्रोल पोचत नाही.

जुन्याच वायरवर नवा पंप

आलेल्या तक्रारींपैकी मला सर्वांत जास्त राग येतो तो याचा, कारण ही चूक टाळायला फार पैसे लागत नाहीत. व्होल्टेज पडल्यावर गच्चीवरच्या टाकीला पाणी न चढवणारी मोटर आपण घरोघरी बघतो, पंपाचंही तेच. कंपनीची वायर कंपनीच्या पंपापुरती असते. मोठा पंप जास्त प्रेशरला 15 अँपिअर किंवा त्याच्याही वर ओढतो, आणि मूळ फ्यूज अनेकदा 15 चाच असतो. फ्यूज उडाला म्हणून 25 चा घालणं हा उपाय नाही. मग फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती वायर पेट्रोलच्या टाकीकडे जाते.

तपासायची पद्धत सोपी आहे. इंजिन चालू, पंपावर लोड. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला, दुसरी पंपाच्या कनेक्टरच्या प्लसला. मग हेच मायनसच्या बाजूनं. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त ड्रॉप असेल तर पंपाला दोष देऊ नका. नुसतं इग्निशन ऑन करून मोजलेला आकडा फसवा असतो.

उपाय म्हणजे बॅटरीपासून वेगळी 4 चौरस मिलिमीटरची किंवा त्याहून जाड वायर, बॅटरीला लागूनच फ्यूज आणि 30 किंवा 40 अँपिअरचा रिले. रिलेचा ट्रिगर पंपाच्या मूळ वायरवरून घ्या. सोपं पडतं म्हणून थेट इग्निशनवरून घेऊ नका. इंजिन बंद पडलं की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पंप बंद करतो, अपघातात हीच गोष्ट जीव वाचवते, आणि इग्निशनवर जोडलेला पंप फुटलेल्या लाइनमधून पेट्रोल ओततच राहतो. अर्थिंगही नवीन द्या, रंग खरवडून, बॉडीच्या जाड पत्र्यावर.

बऱ्याच आधुनिक गाड्यांमध्ये, टीएसआयसुद्धा त्यात आल्या, पंपाचा वेग कंट्रोल मॉड्यूल पल्स देऊन कमी-जास्त करतं. तिथं साधा रिले लावला तर तो खडखडत राहतो किंवा मॉड्यूल एरर देतं. त्या मॉड्यूलला चालणाराच पंप घ्या, आणि मॉड्यूल किती अँपिअर झेपवू शकतं ते आधी विचारा.

आणि टाकीच्या झाकणावरचा कनेक्टर नीट बघा. त्याच्या पिना जास्त करंटसाठी केलेल्या नसतात. पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालेलं, किंचित फुगलेलं दिसलं, तर जास्त क्षमतेची वेगळी फीडथ्रू पिन झाकणातून काढावी लागेल. बाहेर कितीही जाड वायर टाका, शेवटचे चार इंच बारीक असतील तर मेहनत फुकट.

टाकीत हात घालण्याआधी

टाकी पाव भरलेली किंवा त्याहून कमी असू द्या. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. टीएसआयची हाय-प्रेशर बाजू पूर्ण थंड होईपर्यंत तिला हात लावू नका. बॅटरीचा मायनस काढा, शटर उघडं ठेवा, अग्निशामक हाताशी. हॅलोजनचा लोंबता बल्ब गाडीत आणायचा नाही. लॉक रिंग स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडीनं ठोकून फिरवायची पद्धत सगळीकडे दिसते. ठिणगी पडायला लोखंडावर लोखंड पुरतं. पितळी दांडा किंवा योग्य पाना वापरा.

आतला पाइप हा घात करणारा भाग. दुकानदार "फ्युएल पाइप" म्हणून जो देतो तो बाहेरून वाहणाऱ्या पेट्रोलसाठी असतो, पेट्रोलमध्ये बुडून राहायला नाही. बुडवायला एसएई 30आर10 दर्जाचाच पाइप लागतो. साधा 30आर9 पाइप काही महिन्यांत फुगतो, फाटतो, आणि प्रेशर टाकीतच परत सुटतं. गेज मग "पंप कमजोर" असं सांगतं. क्लॅम्प गुळगुळीत काठाचे घ्या, स्क्रूच्या दातांनी पाइप कापणारे नकोत. टाकीत सोल्डर आणि साधी हीट-श्रिंक टाळा, चांगला क्रिम्प (दाबून बसवलेला जोड) आणि पेट्रोल सोसणारं इन्सुलेशन हवं.

झाकणाचं जुनं सील पेट्रोलनं फुगलेलं असतं, परत खाचेत बसत नाही, म्हणून मग चिमटून बसवतात. नवीन आधीच आणून ठेवा. पंपाखालची जाळीही नवी लावा आणि ती तळाला सपाट टेकली पाहिजे. तिरकी राहिली की कसारा घाटाच्या वळणांवर, टाकी पाव असताना, पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. पेट्रोलची पातळी दाखवणारा फ्लोट वाकला का तेही झाकण लावण्याआधी बघा. आणि "चालतो का बघू" म्हणून पंप टेबलावर कोरडा फिरवू नका. पेट्रोल हेच त्याचं वंगण आणि थंडावा.

गरजेपेक्षा फार मोठा पंप

300 हॉर्सपॉवरच्या गाडीला सर्वांत मोठा पंप लावला की जादा पेट्रोल रिटर्न लाइननं परत यावं लागतं. मूळ रेग्युलेटर आणि बारीक रिटर्न तेवढं सोडू शकत नाहीत, आयडलला प्रेशर चढून राहतं आणि गाडी काळा धूर सोडते. शिवाय सतत फिरणारं पेट्रोल तापतं. मे महिन्यात टाकी पाव असेल तर त्यात वाफेचे बुडबुडे धरतात आणि पंप कण्हू लागतो.

नकली मालाबद्दल थोडक्यात. वॉल्ब्रोचे पंप टीआय ऑटोमोटिव्ह बनवते, आणि त्यांची नक्कल बाजारात रग्गड आहे. अर्ध्या किमतीत मिळतोय म्हणजे तो तो नाहीच. सातपूरला बॉशचा कारखाना आहे म्हणून बॉशचा पेट्रोल गाडीचा पंप इथं स्वस्तात मिळेल, हाही एक गोड गैरसमज. त्या कारखान्याची ओळख डिझेल इंजेक्शनच्या भागांची आहे. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचून ठेवा. आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारे बदल चालत नाहीत, विमा कंपनीही त्यावर बोट ठेवते.

बसवल्यावर

सेल्फ मारण्याआधी इग्निशन तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा आणि झाकणाजवळ ओल दिसते का बघा. पंप फिरतोय पण प्रेशर शून्य, तर प्लस-मायनस उलटे जोडलेत का तपासा. उलटा फिरणारा पंपही आवाज छान करतो. सकाळी जास्त वेळ सेल्फ मारावा लागत असेल तर चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारा) किंवा आतला पाइप गळतोय. बेस प्रेशर आधीइतकंच ठेवलं असेल तर मॅप बदलायची गरज नाही. ते बदललं असेल, तर ट्यूनरनं इंजेक्टरचे आकडे दुरुस्त केल्याशिवाय फुल थ्रॉटल देऊ नका.

आठवड्यानं पंपाच्या झाकणापर्यंत पोचायला मागची सीट पुन्हा उचला, क्लॅम्प आणि कनेक्टर हातानं चाचपा, ड्रॉप पुन्हा मोजा. गाडीत पेट्रोलचा वास येत असेल तर ती चालवत गॅरेजला नेऊ नका, जागेवर उभी ठेवून टोइंग बोलवा.