एक पार्ट घ्या, त्याची साखळी उलगडा: पुण्यात पुरवठा साखळीवर संशोधन कसे करावे

पुरवठा साखळीची शाश्वतता आणि संकटात तग धरण्याची ताकद या विषयांवर पुण्यात दरवर्षी बरेच एमबीएचे प्रकल्प आणि पीएचडीचे प्रबंध होतात. बहुतेकांची वाट ठरलेली असते: पन्नास प्रश्नांची प्रश्नावली, लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर, दीडशे उत्तरे आली की सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल. अशा कामातून खरेदी विभागातल्या माणसांचे मत कळते. साखळी किती दिवस टिकेल आणि एका नगामागे किती कार्बन जातो, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी एक पार्ट धरून त्याच्या मागे मागे जावे लागते. चाकण, भोसरी, रांजणगाव आणि तळेगाव दुचाकीच्या अंतरावर असलेल्या शहरात हे काम सहा ते आठ महिन्यांत नीट होते.

पार्ट कोणता निवडायचा

सगळ्या कारखान्याची साखळी हाती घेऊ नका. ज्या पार्टवर किमान तीन बाहेरच्या प्रक्रिया होतात तो निवडा. उदाहरणार्थ फोर्जिंग (तापलेले पोलाद ठोकून घडवणे), मशीनिंग (कापून नेमका आकार देणे), हीट ट्रीटमेंट (भट्टीत तापवून कडक करणे) आणि प्लेटिंग (गंज रोखणारा धातूचा मुलामा) असा प्रवास करणारा पोलादी ब्रॅकेट किंवा पिन. सगळे काम एकाच छपराखाली होत असेल तर अभ्यासाला साखळीच उरत नाही. पार्ट रोज लागणारा असावा आणि त्याची किमान दोन वर्षांची नोंद स्टोअरमध्ये असावी.

कारखान्यात शिरायला विद्यापीठाचे पत्र लागतेच, पण तेवढ्याने दार उघडत नाही. मालकाला त्याच्या कामाचे काही मिळायला हवे. सेबीच्या नियमानुसार 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो, आणि त्या आता पुरवठादारांकडे वीज, पाणी, कचऱ्याचे आकडे मागू लागल्या आहेत. युरोपला नट-बोल्ट पाठवणाऱ्यांना तिथल्या कार्बन सीमा कराचा हिशेब ऑक्टोबर 2023 पासून द्यावा लागतो. 1 जानेवारी 2026 पासून त्यात पैशाचा भागही आला. "तुमच्या ग्राहकाला हवा असलेला तक्ता या एका पार्टपुरता आम्ही भरून देऊ" असे सांगितले की बोलणे पुढे सरकते. भेटीचा वार आधी विचारून घ्या. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात अनेक ठिकाणी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. महिनाअखेरीस डिस्पॅचची घाई असते, तेव्हा कोणालाच वेळ नसतो.

नकाशा कागदपत्रांवरून काढा, सांगण्यावरून नको

"तुमचे पुरवठादार किती?" असे विचारले की खरेदी विभाग मोठ्या रकमेची बिले देणाऱ्यांची नावे सांगतो. जॉबवर्कवाले, म्हणजे आपला माल घेऊन त्यावर एखादी प्रक्रिया करून परत देणारे, त्यात नसतात, कारण त्यांचे बिल किरकोळ असते. म्हणून जीआरएनची (माल आत आल्याच्या पावतीची) नोंद, जॉबवर्कची चलने आणि जीएसटीचा आयटीसी-04 हा फॉर्म मागा. कोणाकडे किती माल प्रक्रियेसाठी गेला आणि किती परत आला, ते या फॉर्ममध्ये असते. ई-वे बिलावरून अंतर आणि वाहन कळते, पण महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात 1 लाख रुपयांपर्यंतच्या मालाच्या फेऱ्या त्यात सहसा सापडत नाहीत. त्यासाठी गेटवरचे रजिस्टर पाहावे लागते.

मग प्रत्येक जॉबवर्कवाल्याकडे स्वतः जा आणि एकच गोष्ट विचारा: हे काम तुम्ही पुढे कोणाकडे देता? कागदावर दोन स्वतंत्र मशीनिंगवाले दिसतात आणि दोघांचाही माल एकाच भट्टीत जातो, असे वारंवार आढळते. वर दोन, खाली एक. अशा ठिकाणी दोन पुरवठादार असूनही जोखीम वाटली जात नाही. एकाच वीजवाहिनीवरची किंवा एकाच सांडपाणी प्रक्रिया केंद्राला जोडलेली दोन युनिट्सही याच प्रकारात मोडतात. नकाशावर ती वेगळ्या रंगाने दाखवा.

दोन आकडे: टिकण्याचा काळ आणि सावरण्याचा काळ

एमआयटीचे डेव्हिड सिम्ची-लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्डसोबत केलेल्या कामातून ही पद्धत रूढ झाली. पूर, आग, संप यांची शक्यता किती, हा प्रश्न ती बाजूलाच ठेवते. एखादे ठिकाण बंद पडले तर ते किंवा त्याचा पर्याय पूर्ववत व्हायला किती दिवस लागतील, हा सावरण्याचा काळ. तोवर ग्राहकाची लाइन किती दिवस चालेल, हा टिकण्याचा काळ. पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तिथे साखळी उघडी आहे. खर्च कमी असलेल्या जागीही मोठा धोका लपलेला असू शकतो, हे त्या कामातून ठळकपणे पुढे आले. आपल्याकडे असे ठिकाण बहुतेक वेळा प्लेटिंग असते.

हिशेब पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. पार्टचा रोजचा खप 800 नग. प्लेटिंग झालेला साठा स्टोअरमध्ये 2400, वाटेत 800, ग्राहकाकडे 1600. एकूण 4800 नग, म्हणजे कामाचे 6 दिवस. प्लेटिंगच्या आधीच्या टप्प्यावर 5000 नग पडून असले तरी ते मोजायचे नाहीत, कारण प्लेटिंग बंद असताना त्यांचा उपयोग नाही. जो टप्पा बंद पडला त्याच्या पुढचाच साठा धरायचा. शिवाय प्लेटरच्या आवारात ठेवलेला तयार मालही वगळायचा. तिथे आग लागली तर तोही जाणार.

आता सावरण्याचा काळ. "दुसरा प्लेटर आठवड्यात मिळेल" असे उत्तर हमखास येते. ते तसेच लिहून घेऊ नका, तुकडे करून विचारा:

- दुसरा प्लेटर शोधून दर ठरवणे: 3 दिवस
- जिग (प्लेटिंगच्या वेळी पार्ट अडकवायची चौकट) तयार करणे: 4 दिवस
- ट्रायल लॉट: 2 दिवस
- सॉल्ट स्प्रे चाचणी (मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात गंज कधी धरतो ते पाहणे): ड्रॉइंगवर असेल तितके तास
- ग्राहकाची पीपीएपी मंजुरी (नव्या ठिकाणी बनलेला पार्ट तपासून दिलेली परवानगी): 5 दिवस

चौथ्या ओळीवर सगळे अडते. झिंक-निकेल प्लेटिंगला अनेक ड्रॉइंगवर 720 तासांची चाचणी लिहिलेली असते. 720 तास म्हणजे 30 दिवस, आणि पैसे टाकून चाचणीचे घड्याळ पळवता येत नाही. बेरीज 44 दिवस. ग्राहकाने 240 तासांच्या निकालावर तात्पुरते डेव्हिएशन, म्हणजे ड्रॉइंगमधल्या अटीतून सूट, दिले तर 24. प्रबंधात दोन्ही आकडे द्या आणि असे डेव्हिएशन याआधी कधी मिळाले होते का, ते गुणवत्ता विभागाच्या फायलीतून तपासा.

इथे एक चूक फार होते. साठा कामाच्या दिवसांत मोजलेला असतो आणि चाचणी कॅलेंडरच्या दिवसांत. आठवड्याला एक सुट्टी धरली तर कामाचे 6 दिवस म्हणजे कॅलेंडरचे 7. तफावत 44 वजा 7, म्हणजे 37 दिवस. सुट्ट्या काढल्या तर सुमारे 32 कामाचे दिवस, म्हणजेच 25,600 नगांची तूट. हाच हिशेब भट्टी, फोर्जिंग आणि वाहतुकीसाठी करा, की कोणता टप्पा सर्वांत कमजोर ते आपोआप समोर येते.

प्रत्येक आकड्यासाठी कमीत कमी, बहुधा आणि जास्तीत जास्त असे तीन अंदाज घ्या आणि त्रिकोणी वितरण (या तीन आकड्यांवरून शक्यता ठरवणारी रीत) धरून काही हजार वेळा सिम्युलेशन चालवा. एक्सेलमध्येही होते. मात्र एकाच पुरात सापडणारी दोन ठिकाणे एकमेकांपासून स्वतंत्र धरू नका, नाहीतर धोका आहे त्याहून फार कमी दिसेल.

जुन्या संकटांवर पडताळा

सांगोवांगीच्या अंदाजांना कसोटी हवी, आणि पुण्याला ती उपलब्ध आहे. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांचे कास्टिंग पुण्यात येते. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरांत पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद होता. कास्टिंगचा पार्ट घेतला असेल तर त्या दोन महिन्यांच्या जीआरएनच्या तारखा काढा: शेवटची गाडी कधी आली, पुढची कधी, आणि आवक नेहमीच्या पातळीवर यायला किती दिवस गेले. रस्ता सुरू झाल्याच्या दिवशी आवक पूर्ववत होत नाही. तुंबलेल्या गाड्या, फाउंड्रीत शिरलेले पाणी आणि घरी अडकलेले कामगार यांचा वेळ पुढे मोजावा लागतो. आयात सुट्या भागांसाठी मार्च 2021 मधली सुएझ कालव्याची कोंडी किंवा 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातले हल्ले घ्या आणि न्हावा शेवा बंदरातून आलेल्या खेपांच्या तारखा ताडून पाहा.

त्याच तक्त्यात कार्बन

शाश्वतता हे वेगळे प्रकरण म्हणून लिहिले की ती शोभेपुरती उरते. टप्प्यांचा तोच तक्ता घ्या आणि त्यात प्रत्येक टप्प्यासाठी वीज, इंधन, पाणी आणि रिजेक्शन (तपासणीत नापास झालेले नग) असे चार रकाने वाढवा. ग्रिडच्या विजेला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा गुणक वापरा. अलीकडच्या वर्षांत तो युनिटमागे 0.71 ते 0.73 किलो कार्बन डायऑक्साइड असा आहे. डिझेल लिटरमागे सुमारे 2.68 किलो. भारतीय पोलाद सरासरीने टनामागे सुमारे 2.5 टन, डिसेंबर 2024 च्या सरकारी वर्गीकरणात 2.2 टनांच्या आतले पोलाद 'हरित' धरले आहे. पोलादाचे वजन फोर्जिंगसाठी कापलेल्या तुकड्याचे घ्या, तयार पार्टचे नको. छिलका आणि फ्लॅशही (फोर्जिंगमध्ये कडेला बाहेर आलेले जादा पोलाद) कोणीतरी वितळवूनच बनवलेले असते.

आता पर्यायांची तुलना. नगाला 1 किलो पोलाद लागते, म्हणजे सुरुवातीलाच 2.5 किलो कार्बन. नेहमीचा प्लेटर भोसरीत, जाऊन-येऊन 40 किलोमीटर. टेम्पो लिटरला 10 किलोमीटर जातो आणि 1600 नग नेतो. नगामागे सुमारे 7 ग्रॅम. पर्यायी प्लेटर छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला, जाऊन-येऊन 400 किलोमीटर; ट्रक लिटरला 5 किलोमीटर आणि 8000 नग. नगामागे सुमारे 27 ग्रॅम. परतीची फेरी धरायला विसरू नका, बहुतेक प्रकल्पांत नेमकी तीच सुटते.

20 ग्रॅमचा फरक पाहून दुसरा स्रोत पर्यावरणाला वाईट, असा निष्कर्ष लिहिण्याचा मोह होतो. थोडे थांबा. वाळूजला फक्त 10 टक्के काम दिले तर सरासरी वाढ नगामागे 2 ग्रॅम. वर्षाला 2,40,000 नग धरले तर 480 किलो. दुसरा मार्ग म्हणजे 25,600 नगांचा जादा साठा. तो पडून असताना ड्रॉइंग बदलले आणि सगळा माल भंगारात गेला, तर 64 टन कार्बनचे पोलाद वाया. आणि नव्या प्लेटरकडे रिजेक्शन एका टक्क्याने वाढून ते नग भंगारात गेले, तर नगामागे 25 ग्रॅम, म्हणजे वाहतुकीच्या सगळ्या फरकापेक्षा जास्त. त्यामुळे किलोमीटरइतकेच लक्ष रिजेक्शनच्या रजिस्टरवर द्या. साखळीचे टिकणे आणि तिची शाश्वतता यांचे भांडण बऱ्याचदा समजले जाते तेवढे मोठे नसते, पण हे प्रत्येक पार्टसाठी मोजूनच म्हणता येते.

प्रश्नावली हवीच असेल तर

मार्गदर्शकांचा सर्वेक्षणाचा आग्रह असेल तर ते या कामानंतर करा, आधी नको. प्रश्न मराठीतही ठेवा. इंग्रजीतून मराठीत, मग दुसऱ्या माणसाकडून पुन्हा इंग्रजीत, असा उलटा अनुवाद करून अर्थ ताडून पाहा. 'शाश्वत' हा शब्द शॉप फ्लोअरवर 'कायम टिकणारे' असाच कानावर पडतो, म्हणून वीजबिल, भंगार, पाण्याचे टँकर यांबद्दल विचारा. "तुमची साखळी लवचिक आहे का?" याला सातपैकी पाच-सहा गुण ठरलेले. "मागच्या वर्षी मालाअभावी लाइन किती वेळा आणि किती तास थांबली?" याला खरे उत्तर मिळते.

प्रश्नावलीची विश्वासार्हता दाखवणारे आकडे, म्हणजे क्रॉनबाक अल्फा 0.7 च्या वर आणि एव्हीई 0.5 च्या वर, आल्याने मोजमाप खरे ठरत नाही. उत्तरांमध्ये मेळ आहे एवढेच त्यातून दिसते. कारण आणि परिणाम दोन्ही एकाच माणसाने एकाच बैठकीत सांगितले असतील तर त्यांच्यातला संबंध फुगतो. परिणामाचा आकडा रजिस्टरमधून घ्या.

गुप्तता

पुरवठादाराच्या मनात भीती असते की हा आकडा ग्राहकाकडे गेला तर पुढच्या वर्षी दर कापायला सांगतील. ती खोटी नाही. पहिल्याच भेटीत लेखी द्या की दर विचारणार नाही, नावांऐवजी सांकेतिक क्रमांक वापरू आणि एका टप्प्याचे आकडे दुसऱ्याला दाखवणार नाही. मात्र एकाच परिसरात झिंक-निकेल करणारा एकच प्लेटर असेल तर क्रमांक देऊनही तो ओळखू येतो. तिथे गावाचे नाव काढून 'पुणे विभाग' लिहा आणि छापण्याआधी तो भाग त्याला वाचायला द्या.

शेवटी कारखान्याला दोन पानी तक्ता द्या: टप्पा, टिकण्याचे दिवस, सावरण्याचे दिवस, नगामागे कार्बन, रिजेक्शन. तो खरेदी, गुणवत्ता आणि स्टोअर या तिघांसमोर एकत्र मांडा. तिघांना एकमेकांचे आकडे ठाऊक नसतात, आणि त्या तासाभरात तुमच्या तक्त्यातल्या दोन-तीन चुका तिथेच दुरुस्त होतात. या बैठकीनंतरच प्रबंधाचा शेवटचा मसुदा लिहायला घ्या.